मेल मर्जची पत्रं इतकी सावकाश का छापली जातात? सभेच्या नोटिशींवरून शोधलेली कारणं आणि उपाय

ऑगस्ट लागला की चोपडा, यावल, रावेर, अमळनेर, पाचोरा या भागातल्या पतसंस्थांतून आणि विकास सोसायट्यांतून ठरलेली तक्रार येते. प्रिंटर नवा आहे, कॉम्प्युटरही बरा आहे, एरवी पावती-पत्र भरभर निघतं. पण मेल मर्ज वापरून, म्हणजे एक्सेलच्या यादीतली नावं वर्डच्या पत्रात आपोआप भरून, सभासदांच्या नावानिशी वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस छापायला घेतली की चार-पाच पानं निघतात, मशीन थांबतं, पुन्हा आवाज करतं, एक पान टाकतं, पुन्हा थांबतं. वर्डच्या खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, नोटीस त्याआधी मुदतीत गावोगाव पोचायला हवी, आणि बाहेर बाकावर गठ्ठा न्यायला आलेला शिपाई विचारत असतो, "भाऊ, किती येळ लागीन अजून?"

मग टोनर बदलला जातो, ड्रायव्हर (कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा टाकला जातो, कधी संचालक मंडळात नव्या प्रिंटरचा ठराव होतो. पुढच्या ऑगस्टला तीच तक्रार परत. याचं कारण असं की हळूपणाचं मूळ बहुतेक वेळा प्रिंटरमध्ये नसतंच. ते नोटिशीच्या फाइलमध्ये आणि ती फाइल छापायला पाठवायच्या पद्धतीत असतं.

नोटिशीचं पान नीट बघा. संस्थेचं नाव, बोधचिन्ह, नोंदणी क्रमांक, सभेची तारीख, विषयपत्रिका, सचिवांची सही हे सगळं प्रत्येक सभासदाला सारखंच जातं. बदलतात त्या तीन ओळी: नाव, गाव, सभासद क्रमांक. पण कॉम्प्युटरला हा फरक आपोआप कळत नाही. तो प्रत्येक सभासदासाठी अख्खं पान नव्याने रचतो, बोधचिन्ह नव्याने काढतो, अक्षरं नव्याने पाठवतो. हजार माणसांच्या पंगतीत प्रत्येक पानासाठी चूल नव्याने पेटवून वरण-बट्टी पहिल्यापासून करायला घेतली तर जे होईल, ते इथे होतं. खाली जे जे उपाय दिले आहेत, त्यांतले बहुतेक याच एका गोष्टीवरचे आहेत: सारखा भाग पुन्हा पुन्हा करायला लावू नका.

खोक्यावरचा आकडा

प्रिंटरच्या खोक्यावर ‘मिनिटाला २० पानं’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा खोटा नसतो. लेसर प्रिंटरचा वेग मोजायची आयएसओ/आयईसी २४७३४ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात ठराविक कार्यालयीन कागदपत्रं छापून वेग काढतात. म्हणजे डेटा वेळेवर येतोय, मशीन गरम आहे आणि सलग चाललंय, अशा स्थितीतला हा वेग असतो.

आता हिशोब करा. १२०० नोटिशी, मिनिटाला २० पानं, म्हणजे ६० मिनिटं. पण प्रत्येक पत्रानंतर मशीन समजा फक्त ६ सेकंद रिकामं थांबलं, तर ७२०० सेकंद वाढले. म्हणजे २ तास. एक तासाचं काम तीन तासांवर गेलं, आणि त्यातले दोन तास कागद हललेलाच नाही. म्हणून वेगवान प्रिंटर घेऊन हा प्रश्न सुटत नाही. मिनिटाला ४० पानांचं मशीन आणलं तरी ते दोन तास तसेच राहतात, वाचतो फक्त अर्धा तास.

आधी दुखणं कुठे आहे ते ठरवा

हे केल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावू नका. तीन चाचण्या आहेत, मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं.

पहिली: मर्ज न करता एकाच नोटिशीच्या २० प्रती काढा. वेळ लिहून ठेवा. हा वेळ खोक्यावरच्या आकड्याच्या जवळपास असेल तर मशीन, टोनर, कागद सगळं ठीक आहे. त्या दिशेला बघायचं थांबवा.

दुसरी: त्याच फाइलमध्ये ‘मेलिंग्ज’ टॅबवर ‘फिनिश अँड मर्ज’ दाबून ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ निवडा आणि पहिल्या २० सभासदांचीच नवी फाइल तयार करा. इथे प्रिंटरचा काहीच संबंध नाही. ही फाइल बनायलाच वेळ लागत असेल तर दोष एक्सेलच्या यादीत किंवा पत्रातल्या फील्डमध्ये (यादीतली माहिती आपोआप भरली जाते त्या जागांमध्ये) आहे.

तिसरी: ती तयार झालेली २० पत्रांची फाइल नेहमीसारखी छापा. हीदेखील रखडत असेल तर पानावरच्या सामग्रीत, ड्रायव्हरमध्ये किंवा प्रिंटरपर्यंतच्या वाटेत अडचण आहे. ही भराभर निघाली, आणि फक्त थेट ‘प्रिंट डॉक्युमेंट्स’ केल्यावरच रखडत असेल, तर पत्रं सुटी सुटी जात आहेत.

आता ज्या चाचणीत घोडं अडलं, तेवढाच भाग वाचला तरी चालेल.

पत्रं सुटी सुटी जात असतील तर

वर्डमधून मर्ज थेट प्रिंटरला पाठवला की साधारणपणे प्रत्येक सभासदाचं पत्र हे एक वेगळं जॉब, म्हणजे छपाईचं स्वतंत्र काम, म्हणून जातं. खात्री करायला खाली उजवीकडच्या प्रिंटरच्या चिन्हावर डबल क्लिक करून रांग उघडा. तिथे एकाच नावाच्या ओळींमागून ओळी येताना दिसल्या, की समजा.

प्रत्येक जॉबचा स्वतःचा खर्च असतो. वर्ड ड्रायव्हरला हाक मारतो, ड्रायव्हर कागदाचा आकार-ट्रे वगैरे सांगतो, लागणारी अक्षरं पाठवतो, स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) फाइल लिहून मिटवतो, प्रिंटर ते सगळं समजून घेतो. छोट्या लेसर प्रिंटरमध्ये तर पुढचं जॉब यायला थोडा उशीर झाला की मोटर थांबते आणि पुन्हा सुरू व्हायला तिला वेळ लागतो. ‘थांबतं, पुन्हा आवाज करतं, एक पान टाकतं’ हे लक्षण याचंच.

उपाय वरच्या दुसऱ्या चाचणीतच आहे. थेट प्रिंटरला न पाठवता आधी नवी फाइल बनवा, ती डोळ्यांखालून घाला, मग छापा. सगळं मिळून एकच जॉब जातं. याचा दुसरा फायदा मला वेगापेक्षाही मोठा वाटतो: नावातली चूक, रिकामं राहिलेलं गाव, दुसऱ्या ओळीवर घसरलेलं आडनाव हे कागद खर्च होण्याआधी दिसतं. सभासदाच्या हातात त्याचं नाव चुकलेली नोटीस जाणं हे कुठल्याही संस्थेला शोभत नाही.

मात्र १२०० पत्रांची एकच फाइल बनवू नका. पानावर मोठं बोधचिन्ह असेल तर ती फाइल इतकी जड होते की वर्डलाच धाप लागते. शंभर-दीडशेचे गठ्ठे करा. मर्ज करतानाच ‘फ्रॉम’ आणि ‘टू’ च्या चौकटीत १ ते १००, १०१ ते २०० असे आकडे देता येतात.

मोठी फाइल आधीच बनली असेल आणि तिच्यातली काहीच पत्रं छापायची असतील, तर एक खाच लक्षात ठेवा. मर्ज केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक पत्र हा वेगळा सेक्शन असतो आणि पान क्रमांक प्रत्येक वेळी १ पासून सुरू होतो. त्यामुळे ‘पेजेस’च्या चौकटीत नुसतं १-५० लिहिलं तर भलतंच निघतं. तिथे सेक्शनसाठी इंग्रजी एस अक्षर लावून एस१-एस५० असं लिहायचं (अक्षर आणि आकडे दोन्ही इंग्रजी कीबोर्डवरूनच), म्हणजे पहिल्या पत्रापासून पन्नासाव्या पत्रापर्यंत बरोबर निघतं.

सुटी जॉब हवीच असतात असा एक प्रसंग आहे. मोठ्या मशीनवर प्रत्येक सभासदाच्या दोन-तीन पानांना आपोआप स्टेपल मारून घ्यायचं असेल तर प्रत्येक पत्र वेगळं गेलेलंच बरं. तिथे वेळ सोसावा.

पानावर काय काय चढवलंय

बहुतेक संस्थांच्या फाइलींमध्ये खरा दोष इथे सापडतो, म्हणून यावर जरा थांबतो.

संस्थेचं बोधचिन्ह कुणीतरी मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन केलेलं असतं आणि वर्डमध्ये ओढून इंचभर केलेलं असतं. डोळ्याला ते इंचभर दिसतं, फाइलमध्ये ते पूर्ण आकाराचंच राहतं. समजा चित्र ४००० गुणिले ४००० पिक्सेलचं आहे. म्हणजे १ कोटी ६० लाख ठिपके, रंगीत असेल तर उलगडल्यावर ४८ एमबी. इंचभर चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्वच्छ छापायला ३०० गुणिले ३०० म्हणजे ९० हजार ठिपके पुरतात. जवळपास पावणेदोनशे पट ओझं आपण प्रत्येक नोटिशीवर विनाकारण लादतोय.

चित्रावर क्लिक करून ‘पिक्चर फॉरमॅट’ मध्ये ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’ दाबा, कापलेला भाग काढून टाकायची खूण ठेवा आणि २२० किंवा १५० पीपीआय निवडा. हे मूळ पत्रात करायचं, मर्ज केलेल्या फाइलमध्ये नाही. मूळ हलकं झालं की पुढचं सगळं हलकं होतं. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवरच छापायचं असेल तर चित्र आधीच ग्रेस्केल करून घ्या. रंग पाठवून प्रिंटरला त्याचा करडा करायला लावण्यात काय मिळतं?

याहून जड गोष्ट म्हणजे वॉटरमार्क. मजकुराच्या मागे संस्थेचं चिन्ह फिकट करून टाकायची आपल्याकडे फार हौस आहे. दिसतं चांगलं, पण ते फिकट दिसावं म्हणून चित्र अर्धपारदर्शक केलेलं असतं. पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या नेहमीच्या भाषा. पोस्टस्क्रिप्टमध्ये अर्धपारदर्शकता नाहीच, आणि ड्रायव्हरही तिथे सहसा तडजोडच करतात. मागचं चित्र आणि वरचा मजकूर एकत्र करून त्या भागाचा सरळ फोटो बनवला जातो. वॉटरमार्क पानभर असेल तर पानभर फोटो.

त्याचा आकार किती होतो बघा. ए४ पान ६०० डीपीआयला सुमारे ४९६० गुणिले ७०१६, म्हणजे जवळपास ३ कोटी ४८ लाख ठिपके. निव्वळ काळं-पांढरं असेल तर न दाबता साधारण सव्वाचार एमबी. पूर्ण रंगीत असेल तर १०० एमबीच्या वर. ड्रायव्हर हे दाबून लहान करतो, पण दाबायलाही प्रोसेसरचा वेळ लागतो आणि उलगडायलाही. नुसत्या मजकुराचं पान याच्या तुलनेत अगदी किरकोळ असतं.

तपासायला सोपं आहे. मूळ पत्राची प्रत करून तिच्यातला वॉटरमार्क काढा आणि तिसरी चाचणी पुन्हा घ्या. वेळ एकदम उतरला तर गुन्हेगार सापडला. वॉटरमार्क ठेवायचाच असेल तर चित्र एखाद्या चित्र-प्रोग्रॅममध्ये उघडून खरोखरच फिकट करड्या रंगाचं करा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर जेपीजी म्हणून जपून ठेवा आणि मग वर्डमध्ये मजकुरामागे लावा. पारदर्शकता गेली की निम्मा त्रास जातो. सहीचं चित्रही बरेचजण पार्श्वभूमी उडवून पीएनजी करून लावतात. कोऱ्या जागेवरच सही येणार असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीची जेपीजी चालते.

अक्षरांचंही थोडं आहे. प्रिंटरच्या पोटात काही रोमन फॉन्ट बसवलेले असतात, देवनागरी सहसा नसतो. त्यामुळे मंगल असो, निर्मला असो की मुक्ता, लागणारी अक्षरं आणि जोडाक्षरं कॉम्प्युटरकडूनच जावी लागतात. सुटी जॉब जात असतील तर ती प्रत्येक पत्रासोबत पुन्हा जातात. एका नोटिशीत चार-पाच फॉन्ट वापरले तर ओझं तेवढं वाढतं. शीर्षकाला एक, मजकुराला एक, एवढं पुरे. ज्यांचं पत्र अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि यादी युनिकोडमध्ये, त्यांना नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसतील. ते हळूपणाचं दुखणं नाही, पण तिथे पत्र युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेणं हाच टिकाऊ उपाय.

यादीचा दोष

दुसऱ्या चाचणीतच वेळ गेला तर एक्सेल उघडा.

यादी पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या शेअर फोल्डरमध्ये असेल तर आधी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. वर्ड एकेका सभासदासाठी त्या फाइलकडे जातो. मग कंट्रोल आणि एंड एकदम दाबा. कर्सर शेवटच्या सभासदाच्या ओळीवर थांबायला हवा. तो हजारो ओळी खाली जाऊन पडला तर एक्सेलच्या मते तिथपर्यंत यादी आहे, कारण कधीतरी तिथे काहीतरी लिहून पुसलं गेलंय. या रिकाम्या ओळींची रिकामी पत्रंही बनू शकतात. खालच्या ओळी निवडून ‘डिलीट’ करा (नुसतं पुसून भागत नाही) आणि फाइल सेव्ह करा. सर्वांत खात्रीचं म्हणजे खरी यादी तेवढी कॉपी करून नव्या फाइलमध्ये ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवणं. त्यात दुसऱ्या फाइलींना जोडलेले फॉर्म्युलेही गळून पडतात.

वर्डच्या मर्जमध्ये फिल्टर आणि क्रमवारी लावता येते, पण ते काम एक्सेलमध्येच उरकून घ्या. आणि क्रम गावाप्रमाणे लावा. साकळी, किनगाव, दहिगाव, न्हावी, भालोद, बामणोद असे गठ्ठे मशीनमधूनच वेगळे बाहेर आले की शिपायाला जमिनीवर बसून पत्रं निवडत बसावं लागत नाही. छपाई आणि वाटप मिळून एकच काम आहे, एकाचा वेळ वाचवताना दुसऱ्याचा घालवू नये.

पत्रातले फील्डही तपासा. प्रत्येक सभासदाचा फोटो किंवा क्यूआर कोड बाहेरच्या फाइलमधून ओढणारं ‘इन्क्लूडपिक्चर’ फील्ड असेल तर प्रत्येक पत्रासाठी एक चित्र शोधून उघडावं लागतं. ती चित्रं लहान आणि त्याच कॉम्प्युटरवर ठेवा. ‘पुरुष असेल तर श्री., स्त्री असेल तर श्रीमती’ अशा एकात एक अडकवलेल्या इफ फील्डऐवजी एक्सेलमध्ये संबोधनाचा वेगळा रकाना करा. वेळ तर वाचतोच, चुकाही डोळ्यांना दिसतात.

वाट आणि ड्रायव्हर

हलकं पत्र, एकच जॉब, तरी तिसरी चाचणी रखडते? मग वाट बघा. वाय-फायवरचा प्रिंटर असेल तर एकदा केबल लावून तीच २० पत्रं छापा. फरक पडला तर नोटिशींपुरती केबलच वापरा. प्रिंटर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेला असेल तर त्या कॉम्प्युटरवर बसून छापा.

नेटवर्क प्रिंटर विंडोजने स्वतःहून जोडला असेल तर तो पुष्कळदा डब्ल्यूएसडी नावाच्या पोर्टवर बसतो. हे पोर्ट मध्येच अडखळण्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. प्रिंटरला कायमचा आयपी पत्ता देऊन ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ वर तो पुन्हा जोडा.

ड्रायव्हरचं असं की स्वस्तातले बरेच छोटे लेसर प्रिंटर स्वतः विचार करत नाहीत. अख्खं पान ठिपक्यांत करायचं काम कॉम्प्युटर करतो आणि तयार ठिपके पाठवतो. तिथे कॉम्प्युटरचा प्रोसेसर आणि केबल हीच मर्यादा. ऑफिसचं मोठं मशीन असेल तर त्याला बहुधा पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्ट असे दोन्ही ड्रायव्हर मिळतात. दोन्ही टाकून तिसरी चाचणी घ्या आणि जो जलद तो ठेवा. कोणता जिंकेल हे मशीनवर आणि पत्रावर ठरतं, आधी सांगता येत नाही.

प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबवर छपाई लगेच सुरू करायची की शेवटचं पान स्पूल झाल्यावर, असा पर्याय असतो. लगेचचा ठेवा. त्याचाच भाऊबंद म्हणजे उलट्या क्रमाने छापायचा पर्याय: शेवटचं पान आधी हवं असेल तर सगळी फाइल तयार होईपर्यंत मशीनला पहिला कागद ओढता येत नाही. क्रम उलटा हवा असेल तर एक्सेलची यादीच उलटी लावा. पीडीएफ करून छापत असाल तर ‘प्रिंट ॲज इमेज’ ची खूण काढलेली आहे ना, तेवढं बघा.

मशीन, ऊन आणि कागद

पहिल्याच चाचणीत वेळ लागला तरच इथे या.

कागदाचा प्रकार ड्रायव्हरमध्ये ‘जाड’ किंवा ‘कार्ड’ राहून गेलेला असतो. जाड कागदावर टोनर नीट चिकटावा म्हणून मशीन मुद्दाम हळू चालतं. साध्या ७५-८० जीएसएम कागदाला ‘प्लेन’ ठेवा. पाकिटांचंही तसंच: अरुंद कागद सलग गेले की फ्यूजरच्या (टोनर तापवून कागदावर चिकटवणाऱ्या भागाच्या) रिकाम्या कडा जास्त तापतात, म्हणून बरीच मशिनं आपणहून वेग कमी करतात. पाकिटं छापण्याऐवजी ए४ वरची लेबलं छापून चिकटवणं लवकर होतं.

मार्च ते मे मधल्या वसुलीच्या नोटिशींना आपल्याकडचं ऊनही आडवं येतं. अनेक ऑफिस प्रिंटरच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ३२ अंशांच्या आसपासपर्यंत दिलेलं असतं, आणि भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या घरात जातो. आतला भाग तापला की मशीन थांबून थंड व्हायला वेळ घेतं. ते बिघडलेलं नसतं. सकाळी लवकर छापा, गठ्ठ्यांमध्ये विश्रांती द्या, मशीन खिडकीच्या उन्हातून हलवा. पावसाळ्यात उलट: दमट कागद एकाला एक चिकटतो आणि अडकतो. रीम छापायच्या वेळीच फोडा.

लेसर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजर तापताना तो एकदम बराच करंट ओढतो, आणि मग यूपीएस कॉम्प्युटरसकट सगळंच बंद करतो.

दर वर्षीचा त्रास मुळातून काढायचा असेल तर

माझं स्पष्ट मत असं आहे की हजाराच्या वर नोटिशी असतील तर लेटरहेड, विषयपत्रिका आणि सहीसकट सारखा मजकूर गावातल्या ऑफसेट प्रेसमधून छापून घ्यावा, आणि प्रिंटरला फक्त त्या तीन ओळी द्याव्यात. वर्डच्या फाइलमध्ये तेव्हा चित्र नाही, वॉटरमार्क नाही, फक्त नाव-गाव-क्रमांक योग्य जागी. असं पान जवळपास खोक्यावरच्या वेगाने निघतं, टोनरही वाचतो. प्रेसवाल्याला आधीच सांगा की हा कागद लेसर प्रिंटरमधून जाणार आहे; फ्यूजरच्या उष्णतेला टिकणारी शाई हवी आणि ती पूर्ण वाळलेली हवी, नाहीतर ती रोलरला लागते. विषयपत्रिका मागच्या बाजूला असेल तर तीही आधीच छापून घ्या. दोन्ही बाजूंची छपाई घरच्या मशीनवर करण्यात जो वेळ जातो तो सगळा वाचतो.

प्रेस परवडत नसेल तर मशीनच्या ड्रायव्हरमध्ये ‘ओव्हरले’ किंवा ‘फॉर्म’ असा पर्याय आहे का ते शोधा. ऑफिसच्या अनेक मशिनांत तो असतो. सारखा भाग एकदाच फॉर्म म्हणून साठवायचा, आणि प्रत्येक पत्रासोबत फक्त बदलणारा मजकूर पाठवायचा. मोठ्या प्रमाणावर बिलं आणि स्टेटमेंटं छापायची यंत्रणा याच तत्त्वावर चालते. त्यासाठी पीडीएफ/व्हीटी नावाचं आयएसओ मानकही २०१० मध्ये आलं, ज्यात पुन्हा पुन्हा येणारा भाग एकदाच तयार करून वापरता येतो. आपल्या नोटिशींना एवढं लागत नाही, पण जळगाव-धुळ्याच्या डिजिटल प्रेसला काम देणार असाल तर त्यांना ‘व्हेरिएबल डेटा’ छपाई करता का, असं नक्की विचारा. त्यांना यादी आणि पत्र वेगवेगळं द्यायचं, हजार पानांची फाइल नव्हे. यादीत सभासदांचे पत्ते असतात, त्यामुळे ती पेन ड्राइव्हवर देताना काम झाल्यावर पुसून घ्यायलाही सांगा.

मधेच अडकलं तर

लाइट गेली, कागद अडकला, रांग पुढे सरकेना, ‘कॅन्सल’ केलं तरी जॉब ‘डिलीटिंग’ म्हणत तसंच पडून राहिलं, अशा वेळी तेच जॉब पुन्हा पुन्हा पाठवू नका. रांगेत भर पडते आणि लाइट आल्यावर सगळं दोनदा निघतं. प्रिंटर बंद करा. विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा. सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टीम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाइली पुसा (फोल्डर तसंच ठेवा). स्पूलर पुन्हा सुरू करा, मग प्रिंटर. सी ड्राइव्ह भरत आला असेल तर थोडी जागाही मोकळी करा, स्पूलच्या फाइली तिथेच लिहिल्या जातात.

कुठून पुढे सुरू करायचं हे कळावं म्हणून मूळ पत्राच्या वरच्या कोपऱ्यात मर्जचा रेकॉर्ड क्रमांक बारीक अक्षरात टाकून ठेवा. ‘मेलिंग्ज’ मधल्या ‘रूल्स’ खाली ‘मर्ज रेकॉर्ड #’ आहे. शेवटच्या नीट छापलेल्या पत्रावर ३४७ असेल, तर ‘फ्रॉम’ मध्ये ३४८ लिहून पुढचा गठ्ठा बनवायचा.